मेंदू, कणा आणि मज्जातंतू : वेल्लूरच्या इतिहासातील तीन पाने

मानवी देहाच्या रचनेत मेंदू आणि मज्जारज्जू यांना जेवढे संरक्षण लाभले आहे, तेवढे अन्य अवयवांच्या वाट्याला क्वचितच आले असेल. मेंदूभोवती कवटीची तटबंदी आहे. मज्जारज्जू मणक्यांच्या माळेतून ओवलेला आहे. या तटबंदीमुळेच शतकानुशतके वैद्यांचा हात तेथवर पोहोचू शकला नाही. कवटी फुटली तर हाडाचे तुकडे उचलावेत, साचलेले रक्त वाहू द्यावे, एवढ्यावर शल्यवैद्याची विद्या थांबत असे. आत काय बिघडले आहे हे दिसत नसल्यामुळे समाजाने त्या बिघाडाला आपल्या कल्पनेप्रमाणे नावे दिली. आकडी येणाऱ्याला झपाटलेला म्हटले, बोटे झडलेल्याला पापी ठरविले आणि कमरेखाली लुळा पडलेल्याला नशिबाचा भोग म्हणून कोपऱ्यातल्या खाटेवर टाकले.

या क्षेत्राचा इतिहास सांगताना बहुधा शस्त्राचाच महिमा गायिला जातो. तो योग्यही आहे. परंतु शस्त्राने आपले काम केल्यावर रुग्णाचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या इतिहासात अनेकदा मागे पडतो. हा प्रश्न आपल्या देशात ज्या एका ठिकाणी फार लवकर विचारला गेला, त्या वेल्लूरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाची कथा आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. आधुनिक मेंदूशस्त्रक्रियेचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये झाला. १८७९ साली ग्लासगो येथे विल्यम मॅकएवन यांनी केवळ लक्षणांवरून जागा ओळखून मेंदूच्या आवरणावरील गाठ काढली. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी एका तरुण शेतकऱ्याच्या मेंदूतील गाठ काढली. तिची जागा डॉ. ह्यूज बेनेट यांनी रुग्णाच्या झटक्यांवरून व हाताच्या दुर्बलतेवरून निश्चित केली होती. त्या वेळी क्ष-किरणांचा शोधही लागलेला नव्हता. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, पण जंतुसंसर्गाने महिन्याभरातच तो तरुण दगावला. पुढे १८८७ साली व्हिक्टर हॉर्स्ली यांनी मज्जारज्जूवर दाब आणणारी गाठ काढली आणि लुळा झालेला रुग्ण पुन्हा चालू लागला.

विसाव्या शतकात कॅनडातील माँट्रियल शहरी डॉ. वाइल्डर पेनफील्ड यांनी या विद्येला नवे वळण दिले. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. याचा उपयोग करून, केवळ वरची त्वचा बधिर करून आणि रुग्णाशी बोलत बोलत, ते आकडीचे उगमस्थान शोधीत असत. १९३४ साली त्यांच्या नेतृत्वाखाली उघडलेल्या संस्थेत औषधोपचार करणारा वैद्य, शल्यवैद्य आणि प्रयोगशाळेतील संशोधक एकाच छपराखाली काम करू लागले. याच संस्थेत शिकून परतलेल्या एका भारतीय डॉक्टरमुळे आपल्या कथेचा धागा वेल्लूरशी जुळतो.

वेल्लूरचे रुग्णालय डॉ. आयडा स्कडर या अमेरिकन मिशनरी महिलेने १९०० साली एका खाटेच्या दवाखान्यापासून सुरू केले. १९१८ साली तेथे स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा निघाली आणि १९४७ पासून पुरुष विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू लागला. ही संस्था आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेची नव्हे. प्रोटेस्टंट पंथीय मिशनांनी ती एकत्र येऊन चालविली. तथापि सेवेच्या क्षेत्रात पंथभेदाच्या भिंती किती ठेंगण्या ठरतात, हे तिच्याकडे पाहून कळते.

डॉ. जेकब चँडी यांचा जन्म १९१० साली केरळातील. मद्रासला वैद्यकीचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी बहारीन येथील मिशन रुग्णालयात डॉ. पॉल हॅरिसन यांच्या हाताखाली काम केले आणि पुढे माँट्रियलला पेनफील्ड यांच्याकडे शिक्षण घेतले. १९४९ साली त्यांनी वेल्लूर येथे भारतातील मेंदू व मज्जासंस्थेच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग उभारला. पुढच्याच वर्षी डॉ. बी. राममूर्ती यांनी मद्रासच्या सरकारी रुग्णालयात हे कार्य सुरू केले. १९५१ साली चँडी, राममूर्ती, डॉ. एस. टी. नरसिंहन आणि डॉ. बलदेव सिंग या चौघांनी मिळून भारतीय मज्जाविज्ञान संघटना स्थापन केली. आमच्या मुंबईतही त्याच दशकात डॉ. राम गिंडे आणि केईएम रुग्णालयातील डॉ. होमी दस्तूर यांनी या शाखेचा पाया घातला.

त्या काळच्या साधनांची आज कल्पनाही करवत नाही. मेंदूचे थेट चित्र देणारे सीटी स्कॅन यंत्र रुग्णावर प्रथम वापरले गेले ते १९७१ साली, लंडनमध्ये. त्यापूर्वी मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून किंवा मानेच्या रक्तवाहिनीत द्रव सोडून क्ष-किरण छायाचित्रे घ्यावी लागत आणि सावल्यांच्या सरकण्यावरून गाठीचा अंदाज बांधावा लागे. म्हणूनच चँडी यांनी पेनफील्ड यांचा धडा गिरविला : निदान करणारा आणि शस्त्र धरणारा यांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊ नये. १९५२ साली त्यांनी वेल्लूरला आकडीवरील शस्त्रक्रिया केली. भारतातील ती पहिलीच होय.

या घटनेचे मोल वैद्यकापुरते नाही. ज्या आजारावर मांत्रिक, अंगारे आणि नाकाशी धरलेला कांदा किंवा चप्पल हेच उपाय मानले जात, तो मेंदूच्या एका ठराविक भागातील बिघाड असून त्यावर इलाज आहे, हे आपल्याच देशात सिद्ध झाले. अर्थात आकडीच्या बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरजच नसते. नियमित औषधांनी ती आटोक्यात राहते. पण कलंकाला औषध लवकर लागू पडत नाही. येथे आपल्या ख्रिस्तसभेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. १९१७ च्या विधिसंहितेतील ९८४ व्या कलमाने आकडीचा विकार असलेल्या वा पूर्वी असलेल्या पुरुषास गुरुदीक्षेस अपात्र ठरविले होते. त्याच ओळीत वेडसर आणि भूतबाधा झालेले यांचीही गणना होती. १९८३ च्या नव्या विधिसंहितेत आकडीचा हा उल्लेख राहिला नाही. देशाचा कायदाही असाच हळूहळू शहाणा झाला. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात शिरलेली आकडीची अट १९९९ साली वगळण्यात आली.

दुसरे पान मज्जातंतूंचे. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ सालचा. त्यांचे आईवडील दक्षिणेतील कोल्ली डोंगरावर मिशनकार्य करीत होते. लंडनला शल्यविद्या शिकून ते १९४६ साली वेल्लूरला आले. कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना चिंगलपेटच्या कुष्ठालयात नेले. तेथे एका रुग्णाने आपल्या वाकड्या झालेल्या हाताने ब्रँड यांचा हात असा आवळला की ते कळवळले. बोटे वळली असली तरी त्या हातात स्नायूंचे बळ शिल्लक होते! यातून त्यांच्या संशोधनाला दिशा मिळाली. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागातील, त्वचेलगतच्या मज्जातंतूंना इजा करतात. मांस आपोआप झडत नाही. वेदना कळत नाही म्हणून रुग्ण भाजतो, कापून घेतो, जखमेवरच चालत राहतो, आणि त्यातून बोटे जातात. काही रुग्णांची बोटे रात्रीतून कुरतडली जात, तेव्हा पाळत ठेवल्यावर आढळले की ते उंदरांचे काम होते. त्यानंतर रुग्णांना मांजरी पाळावयास देण्यात आल्या.

१९४८ पासून ब्रँड यांनी बाहूतील निरोगी स्नायूंचे स्नायुबंध लुळ्या बोटांना जोडण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. मिटलेले हात उघडले. आणि मग एक अनपेक्षित तक्रार आली. बरे झालेले रुग्ण परत येऊन सांगू लागले की हे हात भीक मागायला उपयोगाचे नाहीत. लोक आता दया करीत नाहीत आणि कामही देत नाहीत. शल्यवैद्याचे यश रुग्णाच्या पोटावर आले होते! ब्रँड यांनी ही तक्रार कृतघ्नता मानली नाही. स्वतः सुतारकाम व बांधकाम शिकलेल्या या डॉक्टरने नवजीवन केंद्र उभारले आणि सुधारलेल्या हातांत हत्यारे देऊन त्यांना काम शिकविले. कायद्याने मात्र या रुग्णांकडे पाहण्याची दृष्टी फार उशिरा बदलली. ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या कायद्यासह विविध व्यक्तिगत कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते २०१९ साली काढून टाकण्यात आले, तेही हा रोग औषधांनी पूर्ण बरा होऊ लागल्यानंतर कित्येक वर्षांनी.

तिसरे पान कण्याचे, आणि ते एका रुग्णानेच लिहिले आहे. डॉ. मेरी वर्गीस ही केरळकन्या वेल्लूरला तरुण डॉक्टर म्हणून काम करीत होती. जानेवारी १९५४ मध्ये सहकाऱ्यांसह प्रवास करीत असताना गाडीला अपघात झाला. मज्जारज्जूला इजा होऊन तिचे कमरेखालचे अंग कायमचे लुळे पडले. हाड सांधता येते, पण तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडण्याची विद्या तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. तेव्हा ब्रँड यांनी तिला सुचविले की हाताची शस्त्रक्रिया बसून करता येते. मेरी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागली. ज्यांच्या हातांत बळ नव्हते त्यांचे हात, जिच्या पायांत बळ नव्हते ती सुधारू लागली.

तिने तेवढ्यावर समाधान मानले नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ आणि नंतर न्यूयॉर्क येथे डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत तिने पुनर्वसनशास्त्राचे शिक्षण घेतले. परतल्यावर १९६३ साली वेल्लूरच्या पुनर्वसन विभागाची धुरा तिने स्वीकारली. १९६६ साली तेथे रुग्णांना राहून शिकता येईल अशी संस्था उघडली. खाटेवरून खुर्चीत कसे सरकावे, शय्याव्रण कसे टाळावेत, लघवीचा मार्ग कसा निर्जंतुक ठेवावा, घराचा उंबरठा कसा ओलांडावा, हे तेथे शिकविले जाई. आणि रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही शिकविले जाई. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली; १९८६ साली त्या निवर्तल्या. आज ती संस्था त्यांचेच नाव धारण करते.

ही तीन पाने एकत्र वाचली म्हणजे वेल्लूरचे वैशिष्ट्य ध्यानात येते. चँडी यांनी कवटी उघडली, ब्रँड यांनी मिटलेला हात उघडला, मेरी वर्गीस यांनी बंद खोलीचे दार उघडले. तिघांनाही आपल्या विद्येची मर्यादा भेटली, आणि त्या मर्यादेपाशी त्यांनी रुग्णाला सोडून दिले नाही.

आज आपल्या शहरांत सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूवर शस्त्रक्रिया होतात. धर्मग्रामांतील कुटुंबे दागिने मोडून, जमिनीचा तुकडा विकून आप्तांना वाचवितात. हे पुण्यकर्म आहे. परंतु शस्त्रक्रिया काही तासांची असते आणि त्यानंतरचे घरचे दिवस कित्येक वर्षांचे. रुग्ण घरी आला की पहिले पंधरा दिवस भेटणाऱ्यांची रीघ लागते. पुढे ती आटते. उरते एक आई किंवा एक पत्नी, जी दर दोन तासांनी त्याची कूस बदलते आणि स्वतः मात्र चर्चलाही येऊ शकत नाही. मुलीला आकडी येते हे लग्न जुळेपर्यंत लपविले जाते, आणि लपविण्याच्या भरात औषधही चुकते.

मार्कलिखित शुभवर्तमानात आकडीने तळमळणाऱ्या मुलाला घेऊन त्याचा बाप गर्दीतून वाट काढीत येतो. प्रभू येशू त्या बापाला आधी एक साधा प्रश्न विचारतो : हे मुलाला केव्हापासून होते आहे? घरी जाऊन असा प्रश्न विचारणारे आणि उत्तर ऐकावयास थांबणारे लोक आपल्या प्रत्येक धर्मग्रामात हवेत. आजारी माणसाच्या घरच्या बाईला आठवड्यातून एक दुपार मोकळी करून देणे, चर्चच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधणे, आकडी येणाऱ्या मुलाला शाळेच्या सहलीतून न वगळणे : यांपैकी कशालाही शल्यवैद्य लागत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या चर्चच्या दारात असा उतार आहे की नाही, एवढे तरी प्रत्येक वाचकाने पाहून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.