दुःख आणि दुखणे

मराठीतले ‘दुःख’ आणि ‘दुखणे’ हे शब्द सख्खे भाऊ वाटतात, पण आपण ते एकमेकांच्या जागी वापरत नाही. दुःख होते, दुखणे येते. दुःख सोसावे लागते. दुखणे अंगावर काढू नये, असे वडीलधारी माणसे सांगत आली. मनाची गोष्ट निघाली की मात्र हा साधा भेद आपण विसरतो. कोणी दोन दिवस गप्प राहिला, तर लगेच ‘त्याला डिप्रेशन आले’ म्हणतो. आणि कोणी महिनोन्‌महिने अंथरूण सोडत नसेल, तर ‘मनाला लावून घेतलंय, होईल ठीक’ म्हणून मोकळे होतो.

हा भेद ओळखण्याची खटपट फार जुनी आहे. ग्रीक वैद्यांनी या आजाराला ‘मेलँकोलिया’, म्हणजे काळे पित्त, असे नाव दिले. भीती आणि खिन्नता फार लांबली तर तिला आजार समजावे, हा विचार हिपोक्रेटिसच्या नावावर चालत आलेल्या ग्रंथांत आहे. पुढे हा शब्द अरबीत गेला आणि ‘मालीखूलिया’ झाला. युनानी हकिमांच्या बोलण्यात तो आजही सापडतो.

या इतिहासातला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे अबू झैद अल-बल्खी. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख परिसरातला हा विद्वान इ. स. ९३४ मध्ये वारला. भूगोलाचा तो मोठा जाणकार होता. शरीर आणि मन यांच्या स्वास्थ्यावर त्याने एक ग्रंथ लिहिला. त्याची अरबी हस्तलिखिते इस्तंबूलमध्ये जपली गेली आणि १९८४ साली फ्रँकफर्टहून त्यांची प्रतिमुद्रा निघाली.

दुःखाला अरबीत ‘हुज्न’ म्हणतात. बल्खीने हुज्नचे दोन प्रकार वेगळे काढले. एकाचे कारण माणसाला ठाऊक असते. जवळचे माणूस गेले, पैसा बुडाला, मनातले हातून निसटले. दुसऱ्याचे कारण सांगता येत नाही. सगळे असूनही मन बुडालेले असते. पहिल्यावर स्वतःचा विचार आणि दुसऱ्याचा सल्ला उपयोगी पडतो, असे तो म्हणतो. दुसऱ्याचे मूळ शरीरात, रक्तात आहे. म्हणून तिथे शरीरावर उपचार करावा आणि जोडीला माणसांची सोबत, गप्पा, संगीत द्यावे, असे त्याचे सांगणे होते. त्याचा रक्ताचा हिशेब आजचे वैद्यक मानत नाही. पण हजार वर्षांपूर्वी एका धर्मनिष्ठ विद्वानाने या अवस्थेला पापही म्हटले नाही आणि दुबळेपणाही म्हटले नाही. उपचार करा, असे म्हटले.

हे मी मुद्दाम सांगतो. आमच्यात अशा माणसाला ‘ईमान कच्चं आहे, नमाज पढ’ असे ऐकवणारे पुष्कळ भेटतात. शेजारच्या आळीत ‘नामस्मरण कर, बाहेरचं काही असेल’ म्हणतात. पण दुःख म्हणजे श्रद्धेची उणीव, असे परंपराही म्हणत नाही. पैगंबरांच्या पत्नी हजरत खदीजा आणि चुलते अबू तालिब ज्या वर्षी वारले, त्या वर्षाला इस्लामी इतिहासात ‘आमुल हुज्न’, दुःखाचे वर्ष, असेच नाव आहे. विधवेच्या शोकाला इद्दतीचे चार महिने दहा दिवस आहेत. हिंदू घरांत तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे. समाजाने दुःखाला मान दिला, जागा दिली, मुदतही दिली.

मग १९१७ साली सिग्मंड फ्रॉइडने शोक आणि मेलँकोलिया यांवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यातला भेद मोठा मार्मिक आहे. शोकात माणसाला बाहेरचे जग ओके वाटते. या आजारात तो स्वतःलाच निकामी ठरवतो. १९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रॅमीन या औषधाचा गुण प्रसिद्ध केला आणि शरीराची बाजू पुन्हा पुढे आली. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत लक्षणे मोजून दिली आणि दोन आठवड्यांची अट घातली. जवळचे माणूस गेल्यानंतरचा सर्वसाधारण शोक मात्र त्यांनी आजारातून वगळला. २०१३ साली ही सवलत काढून टाकली, तेव्हा मोठा वाद झाला. साध्या दुःखालाही आता गोळ्या देणार का, असे टीकाकारांनी विचारले. तज्ज्ञांचे उत्तर होते की, कारण आहे म्हणून आजार नाही, असे होत नाही.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझ्या दूरच्या नात्यातल्या एका फुफूंचे यजमान वारले. इद्दत संपली, वर्ष सरत आले, तरी त्या जेवत नव्हत्या, झोपत नव्हत्या, नातवंडांकडे पाहत नव्हत्या. ‘माझ्यामुळेच ते गेले, मी सगळ्यांना ओझं आहे,’ एवढेच बोलायच्या. लोक ‘सब्र करा’ म्हणायचे. शेवटी मुलीने डॉक्टरांकडे नेले. काही महिने औषध आणि बोलणे चालले. त्या पुन्हा चुलीपाशी बसू लागल्या. यजमानांची आठवण निघाली की अजून रडतात. दुखणे गेले, दुःख राहिले. आणि ते राहायचेच.

कवी म्हणून उदासीशी माझे जुने नाते आहे. पण उदासीत कविता सुचते आणि या आजारात शब्दही सुचत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे. दुःख लाटांसारखे येते-जाते. मध्ये एखादा विनोद हसवून जातो, चहाला चव लागते. आजारात जवळजवळ रोज, दिवसभर, दोन आठवड्यांहून अधिक काळ मन बुडालेले राहते किंवा कशातच रस उरत नाही. झोप, भूक, कामातले लक्ष बिघडते, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते. असे असेल तर कारण शोधत बसू नये, डॉक्टर गाठावा. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. २०२२ साली सरकारने सुरू केलेली ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

बल्खीचा आणखी एक सल्ला आहे. घरात जशी अडीअडचणीची औषधे ठेवतो, तसे बऱ्या दिवसांतच चांगले विचार मनात साठवून ठेवावेत. त्या औषधांच्या डब्यात आपण हेही ठेवू या : दुःखाला सोबत द्यावी, दुखण्याला उपचार. आणि दोन्हींतल्या माणसाला दोष देऊ नये.