काळ्या पडद्यावरची मराठी



गडमुडशिंगीत आज फोनवर मराठी उमटते, त्याचे आपणांस नवल वाटत नाही. परंतु 1981 साली डॉस आला तेव्हा काळ्या पडद्यावर रोमन अक्षरेच दिसत. प्रत्येक आज्ञा टंकित करावी लागे. पुढे 360 केबीच्या फ्लॉपीवर काम साठविले जाई.

कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले जिस्टचे संशोधन पुण्याच्या, 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने वाढविले. जिस्ट कार्ड संगणकात बसविले की त्याच डॉसवर देवनागरी उमटे. 1991 मध्ये इस्की ही संकेतावली प्रमाण ठरली.

आज फ्लॉपी वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आहेत. तिच्यावरील चुंबकीय नोंदही काळाबरोबर क्षीण होते. घरी वा शाळेत जुनी फ्लॉपी सापडली तर फेकू नका. जाणकाराकडून तीतील मजकूर वेळीच उतरवून घ्या. गेलेली नोंद पुन्हा लिहिता येत नाही.