चाकाच्या भोकाचा इतिहास: खेळण्यातल्या रेसकारपासून वऱ्हाडातल्या बंडीपर्यंत

आजचा विषय अगदी छोटा आहे. किती छोटा? साधारण अडीच मिलिमीटर. खेळण्यातल्या रेसकारच्या चाकाला मधोमध जे भोक असतं ना, त्याच्याबद्दल आज बोलायचंय.

अमेरिकेत लहान मुलांची एक शर्यत असते, पाइनवुड डर्बी. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावी डॉन मर्फी नावाच्या गृहस्थांनी ती सुरू केली. मोठ्या मुलांच्या गाडी-शर्यतीत भाग घ्यायला त्यांचा मुलगा वयाने लहान पडत होता, म्हणून त्यांनी छोट्या गाड्यांची शर्यत काढली. सामान काय? पाइनच्या लाकडाचा एक ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं आणि आस म्हणून चार खिळे. वजनाची मर्यादा ५ औंस, म्हणजे जवळपास १४२ ग्रॅम. इंजिन नाही, बॅटरी नाही. उतारावर गाडी सोडायची आणि बघत राहायचं.

आता गंमत बघा. सगळ्यांचं वजन सारखं, उतार सारखा, चाकं सारखी. मग जिंकतं कोण? बरेचदा तोच, ज्याने चाकाच्या भोकाला आतून पॉलिश केलंय. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकवर बारीक रेघा आणि कंगोरे राहिलेले असतात. कापसाच्या काडीला पॉलिश लावून, हळूहळू फिरवत ते घासायचे. घाई केली, ड्रिल जोरात फिरवलं, तर प्लास्टिक तापून वितळतं आणि भोकच बिघडतं. खिळाही बारीक पॉलिश पेपरने घासायचा आणि शेवटी ग्रॅफाइटची पूड टाकायची. झालं काम.

तुम्ही म्हणाल, भाऊ, हे सगळं वरवट बकालला बसून आम्ही कशाला ऐकायचं? तर त्याचं कारण आपल्या दारातच उभं होतं. त्याचं नाव बंडी.

बैलगाडीला आपण वऱ्हाडात बंडी म्हणतो. तिचं चाक डोळ्यापुढे आणा. बाहेर लोखंडी धाव, तिच्या आत लाकडी पाटे, मग आरे आणि मधोमध जाडजूड तुंबा. धाव बसवायचा कार्यक्रम बघायला सगळी पोरं जमायची, कारण त्यात तमाशा होता: गोवऱ्यांच्या आगीत लाल झालेली धाव, वर ओतलेलं पाणी, वाफेचा लोट. पण गाडी हलकी चालणार की जड, याचा मोठा हिशोब तुंब्याच्या भोकात असायचा. त्या भोकात लोखंडी नळी ठोकून बसवलेली असते, काही भागांत तिला आवण म्हणतात. तिच्यातून कणा जातो. कणा आणि नळी एकमेकांवर घासणार, म्हणून मध्ये वंगण. आधी एरंडेलासारखी तेलं, पुढच्या काळात इंजिनाचं जळकं ऑइल. कपड्याला लागलं की जाता जात नाही, ते काळं वंगण.

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. घर्षण भोकाच्या आत होतं, पण ओढणारा जोर चाकाच्या परिघावर मोजला जातो. त्यामुळे चाक कण्यापेक्षा जितक्या पट मोठं, तितक्या पटीने आतलं घर्षण बैलाला कमी जाणवतं. खेळण्यातल्या गाडीचं चाक सुमारे ३० मिलिमीटरचं आणि खिळा सव्वादोन मिलिमीटरचा, म्हणजे साधारण १३ पट. बंडीचं चाक पाच फुटी आणि कणा पाच सेंटिमीटरचा धरला, तर ३० पट. आपल्या सुताराने चाक एवढं मोठं का ठेवलं, त्याचं एक उत्तर इथे मिळतं. दुसरं उत्तर आपल्या काळ्या मातीत आहे, कारण मोठं चाक चिखलात कमी रुततं.

धरून चालू की गाडी आणि माल मिळून १,००० किलो आहे. भोक कोरडं आणि खडबडीत असेल, घर्षणांक ०.३ असेल, तर फक्त तुंब्यातल्या घर्षणासाठी सुमारे १० किलोचा जोर सतत लावावा लागेल. नळी गुळगुळीत, वंगण भरपूर आणि घर्षणांक ०.१ असेल, तर सव्वातीन किलो. चिखलात मातीचा विरोध याहून खूप मोठा असतो, हे खरंय. पण कडक रस्त्यावर हा सहा-सात किलोचा फरक बैलांना शेवटपर्यंत मानेवर घ्यावा लागतो. खेळण्यातल्या शर्यतीत भोक बिघडलं तर सेकंदाचा एक तुकडा जातो. इथे बैलाची मान सोलते.

आणि हा भार केवढा होता, बघा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर आली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. आपल्याला वाटतं रेल्वे आली म्हणजे बंडीचं काम संपलं. झालं उलटं. शेतातून जिनिंगला, पेठेला, स्टेशनला कापूस न्यायचा कशाने? बंडीनेच. आगगाडीचा वेग पुस्तकांत आला, पण तिच्यापर्यंत माल पोचवणाऱ्या चाकांच्या भोकाची नोंद कोण घेणार?

विज्ञानाने मात्र ती घेतली, तुकड्यातुकड्याने. पंधराव्या शतकाच्या शेवटी लिओनार्दो दा विंचीने घर्षणाचे प्रयोग वहीत उतरवले. फ्रान्समध्ये १६९९ साली आमोंतोंने आणि १७८५ साली कूलोंने त्याचे नियम मांडले. १७९४ साली वेल्समधल्या फिलिप वॉनने घोडागाडीच्या आसासाठी बॉल बेअरिंगचं पेटंट घेतलं. घासण्याऐवजी गोळ्या फिरू द्या, एवढीच आयडिया. पण ती आपल्या बैलापर्यंत यायला फार वेळ लागला. रबरी टायर आणि बेअरिंग असलेली गाडी आली तेव्हा लोक तिला 'डनलॉप' म्हणू लागले. १९७०च्या दशकात बंगळुरूच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी हा अभ्यासाचा विषय केला आणि चाक, बेअरिंग, जू सुधारा म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. माणूस चंद्रावर जाऊन आला होता, आणि इथे कोट्यवधी बैल तेव्हाही लाकडी चाकं ओढत होते.

छोट्या गाड्या मात्र आपल्याकडे फार जुन्या आहेत. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली काशाची चार शिल्पं सापडली. त्यात ४५ सेंटिमीटर लांबीचा एक रथ आहे: दोन बैल, उभा सारथी, भरीव चाकं. काळाबद्दल वाद आहेत, पण बरेच अभ्यासक तो सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा मानतात. आणि तान्हा पोळ्याला नागपूरकडे पोरं चाकांवरचे लाकडी नंदी ओढत नेतात, ती प्रथा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी १८०६ साली सुरू केली असं सांगतात.

आता शर्यतीकडे. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये बंदी घातलेला आपला शंकरपट डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परत आला, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. चर्चा बैलांच्या छळाची झाली, आणि ती व्हायलाच हवी. माझं म्हणणं इतकंच, की त्या चर्चेत गाडीही धरा. बैल जोरात पळावा म्हणून त्याला पराणी टोचणं सोपं, पण चाकाचं भोक घासून त्यात वंगण भरायला मेहनत लागते. वेग दोन्हीकडून वाढतो. पहिल्यात किंमत बैल देतो, दुसऱ्यात माणूस.

घरी जुनी बंडी उभी असेल तर यावेळी एक काम करा. तुंब्यात बोट घालून बघा, आणि ती नळी कोणी बसवली होती, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. नाव मिळालं तर लिहून ठेवा.