भद्दालि-सुत्तातील बछेरा : अश्वशिक्षणाची परिभाषा आणि तिचा इतिहास

मज्झिमनिकायातील पासष्टावे सुत्त, म्हणजे भद्दालि-सुत्त, हे बहुधा विनयाच्या इतिहासासाठी वाचले जाते. दिवसातून एकदाच भोजन करण्याचा नियम बुद्धाने सांगितला तेव्हा भद्दालि नावाच्या भिक्षूने तो पाळण्यास सर्वांसमक्ष नकार दिला, आणि नंतर तीन महिने तो बुद्धासमोर येण्याचे टाळीत राहिला. पुढे त्याने अपराध कबूल केला व क्षमा मागितली. मग त्याने एक मार्मिक प्रश्न विचारला : पूर्वी शिक्षापदे थोडी होती आणि अंतिम ज्ञान मिळविणारे भिक्षू अधिक होते; आता शिक्षापदे वाढली आणि तसे भिक्षू कमी झाले, हे का? या प्रश्नाच्या उत्तराने अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे वेधून घेतले आहे. परंतु सुत्त तेथे संपत नाही. बुद्ध भद्दालीला विचारतो की, भिक्षू संख्येने थोडे असताना आजानीय बछेऱ्याची उपमा सांगितली होती, ती आठवते काय? भद्दालीला ती आठवत नाही. तेव्हा ती उपमा पुन्हा सांगितली जाते.

ही उपमा म्हणजे तरुण घोड्याच्या शिक्षणाचा क्रमवार वृत्तांत आहे. भाष्यकारांनी व अनुवादकांनी तिच्याकडे प्रामुख्याने अलंकार म्हणून पाहिले. वस्तुतः भारतीय भाषांत अश्वशिक्षणाच्या व्यवसायाविषयी जे जुने पुरावे उपलब्ध आहेत, त्यांत या परिच्छेदाला मानाचे स्थान दिले पाहिजे.

प्रथम मूळ वृत्तांत पाहू. कुशल अश्वदमक (पालीत 'अस्सदमक') एक जातिवंत घोडा मिळवितो आणि सर्वांआधी त्याला 'मुखाधाना'ची, म्हणजे तोंडात कडी धारण करण्याची, सवय लावतो. पूर्वी कधीच न केलेली गोष्ट करावयास लागल्यामुळे घोडा मान फिरवतो, अंग वळवतो, धडपडतो. वारंवार आणि क्रमाने ती गोष्ट करवून घेतली असता तो त्या ठिकाणी शांत होतो. मग 'युगाधान', म्हणजे जू धारण करणे, येते. तीच धडपड, तीच पुनरावृत्ती, तीच शांती. त्यानंतर दहा अंगांचे शिक्षण सांगितले आहे : अनुक्कम, मंडल, खुरकास, धाव, रवत्थ, राजगुण, राजवंस, उत्तम जव, उत्तम हय आणि उत्तम साखल्य. शेवटचे अंग 'साखल्य', म्हणजे स्वभावाचा मऊपणा. ते सर्वांच्या शेवटी यावे, वेगाच्याही नंतर यावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. ही दहा अंगे साधलेला घोडा राजाच्या योग्य ठरतो.

'बछेऱ्याची उपमा' असे येथे म्हटले, त्याविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. मुळात शब्द आहे 'आजानीयसुसु'. यातील 'सुसु' हे संस्कृत 'शिशु'चेच रूप. पहिल्या अक्षरातील इकार दुसऱ्यातील उकाराशी समरूप झाला आहे. परंतु ज्याच्या तोंडात कडी घालावयाची तो प्राणी आईच्या मागे धावणारे शिंगरू नव्हे. मराठीत शिंगरू आणि बछेरा यांत जो भेद आहे तो येथे उपयोगी पडतो. 'आजानीय' या शब्दाची कथाही बोधक आहे. संस्कृत 'आजानेय' हा शब्द उत्तम कुळातील घोड्याला लावला जातो आणि त्यात जन्माचा अर्थ उघड आहे. पाली परंपरेने मात्र त्याचा संबंध 'आजानाति', म्हणजे जाणतो, या क्रियापदाशी जोडला. व्युत्पत्ती म्हणून हे टिकणारे नाही. पण त्या चुकीमुळे घोड्याची श्रेष्ठता कुळातून काढून आकलनात आणून ठेवली गेली, आणि तसे करण्यात त्या परंपरेचा कल दिसून येतो.

आता परिभाषेकडे वळू. या परिच्छेदाचा आधारशब्द 'कारण' हा आहे. येथे त्याचा अर्थ हेतू नसून 'करवून घ्यावयाची गोष्ट', म्हणजे अभ्यास किंवा धडा, असा आहे. प्रयोजक 'कारेति'पासून तो सरळ निघतो. घोड्याकडून 'कारण करविले' जाते. ज्याची सवय नाही ते 'अकारितपुब्ब'. आणि सवय लागण्याची दोनच साधने सांगितली आहेत, वारंवार करविणे आणि क्रमाने करविणे. याच 'कारणा' शब्दाला पालीत अन्यत्र शारीरिक यातनेचा अर्थ आला आहे. करवून घेणे आणि छळणे यांत अंतर किती थोडे असू शकते, हे त्या भाषेच्या बोलणाऱ्यांना ठाऊक असावे.

खुरकास, रवत्थ, राजवंस हे शब्द निकायांच्या नेहमीच्या शब्दसंपत्तीत बसत नाहीत. ते विहारातून आलेले नाहीत. पागेतून आलेले आहेत. याचे एक गमक हस्तलिखितांतच आहे. लेखकांना हे शब्द परके वाटले, म्हणून ते डळमळले. 'रवत्थ' हा शब्द काही पाठांत 'दवत्त' असा येतो, आणि आधुनिक अनुवादकांतही या अंगांच्या अर्थाविषयी एकवाक्यता नाही. उपमा धर्मोपदेशकाने रचली असती, तर त्याने असे दुर्बोध शब्द कशाला निवडले असते? ज्यांना ती प्रथम सांगितली गेली त्यांना हे शब्द कळत होते, आणि नंतरच्यांना कळेनासे झाले, असेच मानावे लागते.

एक शब्द मात्र निःसंशय उपदेशकाचा आहे. घोडा त्या ठिकाणी शांत होतो, यासाठी मूळ क्रियापद 'परिनिब्बायति' हे आहे. अर्हताच्या अंतिम शांतीसाठी जो शब्द रूढ, तोच येथे तोंडातल्या कडीशी झुंजणे थांबविलेल्या बछेऱ्यासाठी वापरला आहे. सामान्यतः असे समजले जाते की, उपमेत लौकिक वस्तू पारमार्थिक अर्थाला खालून आधार देते. येथे उलटे घडले आहे. पारमार्थिक शब्द खाली उतरून तबेल्यात आला आहे आणि तेथे त्याचा अर्थ अगदी नेमका आहे : धडपड विझणे.

ऐतिहासिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाचा प्रश्न यानंतरचा आहे. हा घोडा रथाला जुंपावयाचा की त्यावर बसावयाचे? 'युगाधान' हा शब्द रथाकडे बोट दाखवितो. अश्वशिक्षणाच्या सर्वांत प्राचीन लेखी परंपरेतही रथच आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकात मितन्नी देशाच्या किक्कुलीने सांगितलेले आणि हत्तुसा येथील मातीच्या पाट्यांवर सापडलेले शिक्षण रथाच्या घोड्यांचे आहे. त्यात फेऱ्यांच्या संख्येसाठी येणारे 'ऐकवर्तन्न', 'पंजवर्तन्न' यांसारखे इंडो-आर्य शब्द भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेत. स्वार तेथे नाही.

परंतु ख्रिस्तोत्तर पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या अट्ठकथेत याच सुत्ताचे विवरण वाचले, तर चित्र बदलते. 'मंडल' या अंगाचा हेतू तेथे असा सांगितला आहे की, घोड्याच्या पाठीवर बसलेल्याला जमिनीवर पडलेले शस्त्र उचलता यावे. 'खुरकास' म्हणजे खुरांच्या टोकांवर चालणे. रात्रीच्या हालचालीत पावलांचा आवाज होऊ नये म्हणून ते शिकवावयाचे. 'रवत्थ' हा शब्द 'रव'वरून घेऊन, हत्तींचा चीत्कार, रथांचा खडखडाट आणि माणसांच्या आरोळ्या यांना न भिता शत्रुसैन्यात शिरणे असा अर्थ केला आहे. आणि 'राजवंस' हे अंग तर पूर्णपणे स्वाराचेच आहे : प्रहारांनी शरीर छिन्नभिन्न झाले तरी स्वाराला शत्रूच्या सेनेत न पाडता बाहेर काढून आणणे.

मूळ सुत्तात जू आहे, अट्ठकथेत पाठीवर माणूस आहे. हे अंतर केवळ भाष्यकाराच्या कल्पनाशक्तीचे मानणे युक्त होणार नाही. दोहोंच्या दरम्यान अनेक शतके गेली होती, आणि त्या काळात भारतीय युद्धात रथाचे महत्त्व ओसरून घोडदळाचे वाढले होते. संक्रमण एकाएकी झाले नाही. निकायांतच 'अस्सारोह', म्हणजे घोडेस्वार योद्धा, भेटतो. सांचीच्या तोरणांवर रथ आणि स्वार दोघेही कोरलेले आहेत. म्हणून भद्दालि-सुत्ताचा बछेरा स्वारीचा नव्हताच, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण अट्ठकथेचे अर्थ जसेच्या तसे सुत्तावर लादणे, जे अनेकदा केले जाते, तेही टाळले पाहिजे. एकच परिभाषा दोन प्रकारच्या घोड्यांना पुरली, कारण तोंडापासून सुरुवात करावयाची आणि एका वेळी एकच नवी गोष्ट शिकवावयाची, हा क्रम दोघांनाही समान होता. 'सारथि' हा शब्दही असाच मागे राहिला आहे. पुरुषांना वळण लावणारा या अर्थी बुद्धाला 'पुरिसदम्मसारथि' म्हटले जाते, त्यात रथ आता नावापुरताच उरला आहे.

या वृत्तांताची तुलना झेनोफोनच्या अश्वारोहणविषयक ग्रंथाशी होणे अपरिहार्य आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील हा अथेन्सचा लेखक सौम्य अश्वशिक्षणाचा आद्य पुरस्कर्ता मानला जातो, आणि ते बऱ्याच अंशी योग्य आहे. घोड्याशी रागाने कधीही वागू नये, त्याला भीती वाटणारी वस्तू जबरदस्तीने नव्हे तर हळूहळू जवळ नेऊन दाखवावी, मनाजोगे केल्यावर लगेच विसावा द्यावा, हे त्याने स्पष्ट सांगितले आहे. जेथे घोड्याने श्रम केले तेथेच त्याच्यावरून उतरावे, म्हणजे त्या जागेशी सुखाची आठवण जोडली जाते, ही त्याची सूचना तर कोणाही जाणत्या स्वाराला पटेल. परंतु बछेऱ्याला प्रथम वठणीवर आणण्याचे काम तो स्वतःकडे घेत नाही. मुलाला एखादी कला शिकण्यासाठी उस्तादाकडे ठेवतात, तसे बछेऱ्याला 'पोलोदाम्नेस'कडे लेखी करार करून सोपवावे, असा त्याचा सल्ला आहे. म्हणजे ज्या टप्प्यावर घोडा सर्वाधिक धडपडतो, तो टप्पा या सौम्य ग्रंथाच्या बाहेर राहतो. पाली सुत्त नेमके त्याच टप्प्यापासून सुरू होते. शिवाय त्या धडपडीचे कारण ते घोड्याच्या खोडीत न शोधता अपरिचयात शोधते. या एका बाबतीत पाली वृत्तांत झेनोफोनच्या पुढे जातो, असे म्हणण्यास हरकत नाही.

'पोलोदाम्नेस' या शब्दात 'पोलोस' म्हणजे बछेरा, आणि दुसरा घटक संस्कृत 'दम्', लॅटिन 'दोमारे' यांचा सगोत्र. माणसाळविण्याच्या या क्रियेला या सर्व भाषांनी एकच धातू वापरला, आणि त्यात जिंकण्याची, वाकविण्याची छटा आहे. संस्कृतने त्याच्या जोडीला दुसरा शब्द ठेवला. अमरकोशात चांगल्या वाहून नेणाऱ्या, शिकविलेल्या घोड्यांना 'विनीत' म्हटले आहे. त्यात 'नी' धातू आहे, नेण्याचा. पालीत 'दम्म' आणि 'विनय' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात, आणि भिक्षूंच्या आचारसंहितेला 'विनय' हे नाव मिळाले, 'दम' नव्हे, याचा विचार व्हावयास हवा.

अर्थात यावरून त्या काळचा अश्वदमक दयाळूच असे, अशी समजूत करून घेऊ नये. अंगुत्तरनिकायात केसी नावाच्या नामांकित अश्वशिक्षकाचा बुद्धाशी संवाद आहे. केसी सांगतो की, तो काही घोड्यांना मृदू उपायांनी, काहींना कठोर उपायांनी आणि काहींना दोन्हींनी शिकवितो. आणि जो कशानेही वळत नाही त्याला ठार मारतो, आपल्या आचार्यकुलाला कमीपणा येऊ नये म्हणून! बुद्धाच्या उत्तरात 'मारणे' हे त्या माणसाला काही सांगण्यायोग्य न समजणे असे रूपांतरित होते, आणि प्रवचनकारांचा भर स्वाभाविकपणे तेथेच असतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र केसीच्या कारणावर थांबावे. घोडा धोकादायक आहे किंवा त्याचा दाणावैरणीचा खर्च परवडत नाही, असे तो म्हणत नाही. 'आचार्यकुल' हा शब्द वापरून तो आपला व्यवसाय गुरुपरंपरेने चालतो आणि त्याची प्रतिष्ठा प्रत्येक जनावरावर पणाला लागते, हे सांगतो. ज्या पागांतून खुरकास आणि रवत्थ हे शब्द आले, त्या अशा कुलांच्याच असल्या पाहिजेत.

या परिभाषेपैकी पुढे काय टिकले? 'मुखाधान' नाहीसे झाले. संस्कृतमध्ये कडीसाठी 'खलीन' हा शब्द आला, तो झेनोफोनच्याच भाषेतील 'खालिनोस'वरून. मराठीने तोही घेतला नाही. येथे फारसी 'लगाम' रुळला, आणि त्याच्याबरोबर खोगीर व चाबूक फारसीतून, रिकीब अरबीतून. घोडा शिकविणाऱ्याचे मराठीतील नावही 'चाबूकस्वार' असेच आहे. 'दमणे' हे क्रियापद मराठीत उरले, पण थकण्याच्या अर्थाने. त्यात संस्कृत 'दम्' आणि श्वासवाचक फारसी 'दम' यांची सरमिसळ झालेली असणे शक्य आहे. साहित्याची आणि माणसांची नावे अशी बदलत गेली असता शिक्षणाच्या क्रियेला मात्र मराठीने आपला देशी शब्द राखला. नव्या घोड्याला वळण लावणे म्हणजे त्याला 'फेरणे', रिंगणात गोल फिरविणे; भद्दालि-सुत्ताच्या दहा अंगांत दुसरे जे 'मंडल' आहे, ते हेच.