पान्याच्या गावात स्कॅनर

वऱ्हाडातल्या मानोऱ्याला रेल्वे नाही. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली तेव्हा तिने अकोला, मुर्तिजापूर, बडनेरा ही गावं धरली. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसासाठी मुर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ आली, तीही कारंजा-दारव्ह्यावरून निघून गेली. अरुणावतीच्या खोऱ्यातलं मानोरा दोन्ही वेळा बाजूला राहिलं. माल आणि माणसं हलवायची तर रस्ता हाच एक मार्ग, आणि रस्त्यावर जे चालतं ते रस्त्यावरच मोडतं. मोडलेलं तिथल्या तिथे उभं करण्याचं कौशल्य अशा गावांत पिढ्यान्‌पिढ्या टिकलं ते या गरजेपोटी.

रेल्वेच्या आधी या मुलखातली वाहतूक बंजाऱ्यांच्या हाती होती. तालुक्यातल्या पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि रामनवमीला तिथे महाराष्ट्र, तेलंगण, कर्नाटकातून लाखो भाविक येतात. त्यांचे पूर्वज लदेणीचे बैल घेऊन धान्य आणि मीठ देशभर नेत. त्या वाहतुकीला चाकच नव्हतं. बिघडण्यासारखं होतं ते बैलाचं खूर आणि पाठीवरची गोण. रेल्वे आणि पक्क्या सडकांनी हा व्यवसाय संपवला आणि तांडे एका जागी स्थिरावले.

मग शेताबाजारात राज्य केलं बंडीने. बंडीचं चाक म्हणजे मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेरचे पुठ्ठे आणि त्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव ढिली व्हायची. लोहार ती गोवऱ्यांच्या आगीत तापवून फुगवायचा, सांडशीने उचलून चाकावर बसवायचा आणि लगेच पाणी ओतायचा. आकसलेली धाव सगळं चाक घट्ट करून टाकायची. तापलं की धातू वाढतो आणि निवला की आकसतो, हे पदार्थविज्ञान वऱ्हाडातल्या लोहाराला शाळेवाचून ठाऊक होतं. पुढच्या काळात घट्ट बसलेलं बेअरिंग तापवून काढणारा गॅरेजवाला नेमकं तेच करत होता.

जतनाने यंत्राचं आयुष्य किती वाढतं, याचा दाखला शेजारच्या रुळांवर होता. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन शकुंतलेवर सत्तर वर्षांच्या आसपास धावलं. १५ एप्रिल १९९४ ला त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली.

मोटारीच्या दुरुस्तीचा खरा पाया मात्र जीपने घातला. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकी सैन्याला हलकी, कुठेही जाणारी आणि मैदानातच दुरुस्त होणारी गाडी हवी होती. विलीज जीप त्या मागणीतून आकाराला आली. महिंद्रने १९४७ मध्ये ती भारतात आणली आणि मुंबईत तिची जुळणी सुरू केली. बॉनेट उघडलं की इंजिन सगळ्या बाजूंनी मोकळं दिसतं, हात कोपरापर्यंत आत जातो, बॅटरी उतरली तर पुढून हँडल मारता येतं. सरकारी दौऱ्यांची ही गाडी पुढे प्रवासी वाहतुकीत उतरली. विदर्भातल्या लहान गावांत ज्यांना ‘काळी-पिवळी’ म्हणतात त्या जीपगाड्या, त्यात महिंद्रच्या कमांडर आणि पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स, एसटी जिथे कमी पडते तिथे माणसं नेत राहिल्या. दहाच्या जागी पंधरा माणसं कोंबलेल्या या गाड्यांनी स्प्रिंगचे पाटे, क्लच प्लेट आणि युनिव्हर्सल जॉइंट यांची दुरुस्ती हा बसस्टँडजवळचा रोजचा धंदा करून टाकला.

जीपनंतर ट्रॅक्टर आला. १९६३ मध्ये महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी राहिली आणि बी-२७५ हा तिचा ट्रॅक्टर शेतात उतरला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. संकरित ज्वारी आणि ट्रॅक्टर यांचा काळ सुरू झाला. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रमध्येच विलीन झाली. मिस्त्रीच्या दृष्टीने जीप आणि ट्रॅक्टर ही एका घरची लेकरं होती. डिझेल इंजिनाची नाडी एकदा कळली की दोन्ही हातात येत.

ही नाडी म्हणजे काय, ते तपशिलात पाहण्यासारखं आहे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबून तापवायची आणि नेमक्या क्षणी तिच्यात डिझेलचा फवारा सोडायचा. जुन्या इंजिनात हे काम करायचे पंप आणि नोझल. बॉशच्या परवान्यावर बंगळूरला १९५१ मध्ये मायको कंपनी सुरू झाली आणि ‘मायको पंप’ हे नाव गॅरेजमध्ये रुळलं. कंपनीच्या नाशिकच्या सातपूर कारखान्यात पुढे नोझल बनू लागले. टाकीतलं डिझेल संपलं की नळीत हवा शिरते आणि नुसतं डिझेल भरून इंजिन चालू होत नाही. अशा वेळी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू आवळायचा. हे ‘हवा काढणं’ ट्रॅक्टर असलेल्या घरातल्या शाळकरी पोरालाही येत असे. बांधावर ट्रॅक्टर बंद पडला तर गावात निरोप धाडायची वेळ क्वचितच यायची.

त्यापुढची परीक्षा मिस्त्रीची. चार सिलिंडरपैकी एक नीट काम करत नसेल तर तो कसा ओळखायचा? इंजिन चालू ठेवून प्रत्येक नोझलच्या नळीचं नट पान्याने अर्धा फेरा ढिलं करायचं. नट सैल करताच आवाज बदलला, इंजिन अडखळलं, तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक पडला नाही तर दोष तिथेच. एक पाना, दोन कान आणि दोन मिनिटं. या तपासाला इतर काहीही लागत नसे. डोळ्यांनी धुराचा रंग बघायचा: काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय किंवा पाणी शिरलंय. वस्तादाच्या हाताखाली पाने पुसत राहिलेलं पोर काही वर्षांत हे सगळं शिकायचं. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधला मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम ज्यांच्यापर्यंत पोचला नाही त्यांचं विद्यापीठ हेच होतं, आणि त्याला कमी लेखण्याचं काही कारण नाही.

दुचाकींनी दुरुस्ती घराच्या ओट्यावर आणली. पुण्याच्या कायनेटिकची लूना १९७२ ची, बजाजचा चेतकही १९७२ चा. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल किती घालायचं, प्लग काढून पॉलिश पेपरने कसा घासायचा, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकलेला कचरा फुंकर मारून कसा काढायचा, हे शिक्षकापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना येत होतं. सकाळी चेतक आडवा कलवून मग किक मारणारी माणसं हे महाराष्ट्रातल्या गल्लीगल्लीतलं दृश्य होतं. मोठ्या शहरात हेच स्थान प्रीमियर पद्मिनीचं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली, तीच १९७० च्या दशकात पद्मिनी झाली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ ला या टॅक्सीचा काळ संपला. इतकी वर्षं ती रस्त्यावर टिकली त्यात मिस्त्र्यांच्या हातांचा वाटा मोठा होता.

या काळाचं कौतुक करताना त्याची किंमतही सांगायला हवी. जुन्या गाड्या सारख्या बिघडत, म्हणूनच त्या सगळ्यांना दुरुस्त करता येत. पॉइंट झिजायचे, टॅपेट वाजायचे, काही हजार किलोमीटरला काहीतरी आवळावं लागायचं. आणि धूर होताच. दिल्लीच्या हवेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, १९९९ मध्ये न्यायालयाने तिथल्या नव्या मोटारींना युरो मानकं लावली. पुढे देशभराचं इंधन धोरण ठरवायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते गोव्यात माशेलला जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. त्यांच्या अहवालावर २००३ मध्ये धोरण मंजूर झालं. धुराचं भारत स्टेज चार हे मानक १ एप्रिल २०१७ ला सगळ्या देशात आलं, पाचवं टाळून सहावं १ एप्रिल २०२० ला. इतका कमी धूर कार्ब्युरेटर आणि यांत्रिक पंपाकडून होणं शक्य नव्हतं. मारुती ८०० ने कार्ब्युरेटर आधीच सोडला होता; २०२० नंतर साध्या शंभर सीसीच्या मोटारसायकलींवरही फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले. लोकांच्या फुप्फुसांसाठी हे आवश्यक होतं. यात वाद नाही.

पण मिस्त्रीच्या हातातून काय गेलं, तेही पाहावं. जुना नोझल साधारण २०० बार दाबाला उघडायचा. कॉमन रेल इंजिनात डिझेल १,६०० बार किंवा त्याहून अधिक दाबाने एका नळीत साठवलेलं असतं आणि इंजेक्टर कधी, किती वेळ उघडायचा हे संगणक ठरवतो. इथे चालू इंजिनावर नळीचं नट ढिलं केलं तर बाहेर येणारी धार कातडी फोडून आत शिरते. पिढ्यांनी वापरलेली ती पान्याची तपासणी आता जिवावर बेतणारी आहे. ज्या नाशिकमध्ये जुने नोझल बनत होते तिथेच कॉमन रेलचे इंजेक्टर बनतात; कारखान्याने वळण घेतलं, त्याच्या कामगारांना प्रशिक्षण मिळालं. लहान गावातल्या गॅरेजला ते कोणी दिलं नाही.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. अनेक इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरवर एक सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. नवा इंजेक्टर बसवला तर तो क्रमांक गाडीच्या संगणकात नोंदवावा लागतो, नाहीतर इंजिन खडखडतं, धूर सोडतं. नोंदवायला लागतो कंपनीचा स्कॅनर आणि कंपनीची परवानगी. भाग हातात आहे, बसवण्याचं कसब आहे, तरी गाडी पूर्ण होत नाही. इथे मिस्त्री मागे पडलेला नाही, त्याला बाहेर ठेवलेलं आहे.

हे केवळ गॅरेजवाल्यांचं गाऱ्हाणं नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो याच कारणासाठी. सुटे भाग, दुरुस्तीच्या माहितीपुस्तिका आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजना बाजारात मिळू न देणं हा स्पर्धेचा भंग आहे, असं आयोगाने म्हटलं. दंडाची लढाई पुढे न्यायाधिकरणात आणि न्यायालयांत गेली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच मतदान घेऊन मोटारींच्या दुरुस्तीची माहिती खुली करणारा कायदा केला होता.

दरम्यान गॅरेजवाला थांबलेला नाही. काही शे रुपयांत मिळणारा ब्लूटूथ स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा आणि मोबाइलवर बिघाडाचा कोड वाचायचा, हे आता खेड्यातही चालतं. समजा कोड आला पी००८७. अर्थ इतकाच की रेलमधला दाब कमी आहे. फिल्टर तुंबलाय, पंप झिजलाय, एखादा इंजेक्टर गळतोय की सेन्सरच खोटं सांगतोय, हे कोड सांगत नाही. मग मिस्त्री प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक छोटी बाटली लावतो, इंजिन थोडा वेळ चालवतो आणि कोणत्या बाटलीत डिझेल जास्त साठलं ते पाहतो. जी जास्त भरली तो इंजेक्टर गळका. पान्याची जागा बाटलीने घेतली, पण चौघांत वेगळा कोण हे शोधण्याची रीत वस्तादाचीच आहे. संगणकाने त्याचं ज्ञान निकामी केलं असं म्हणणाऱ्यांनी ही तपासणी एकदा उभं राहून बघावी.

मानोऱ्यासारख्या तालुक्यात या प्रश्नाचं सगळ्यात नाजूक टोक ट्रॅक्टर आहे. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम चार ही धुराची मानकं लागू झाली आणि त्या वर्गात कॉमन रेल इंजिनं आली. देशात विकले जाणारे बहुतेक ट्रॅक्टर त्याच्या आतले आहेत. त्यांच्यावर अजून यांत्रिक पंप आहे, अजून हवा हाताने काढता येते. अमेरिकेत जॉन डिअरच्या संगणकबंद ट्रॅक्टरांवरून शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं झगडा केला, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने तिथल्या फार्म ब्युरोशी दुरुस्तीबाबत करार केला. तिथे शेतकऱ्याकडे हजारो एकर आणि दुसरा ट्रॅक्टर असू शकतो. इथे मृग बरसल्यावर सोयाबीनची पेरणी मोजक्या दिवसांत उरकावी लागते, आणि भाड्याने चालणारा एक ट्रॅक्टर अख्ख्या वस्तीची शेतं करतो. तो चार दिवस तंत्रज्ञाची वाट पाहत उभा राहिला तर पेरणीच हुकते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढच्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं होती आणि वाहनंही. त्या वर्षअखेर एक पोर्टल सुरू झालं, ज्यावर कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती ठेवावी अशी कल्पना आहे. ऐच्छिक पोर्टल आणि बंधनकारक नियम यांत मात्र फरक आहे. धुराची मानकं सरकार अधिसूचना काढून लावतं आणि कंपन्या ती पाळतात. ५० अश्वशक्तीच्या आतल्या ट्रॅक्टरांवर पुढची मानकं लावताना त्याच अधिसूचनेत आणखी एक अट घालता येईल: इंजेक्टरचा क्रमांक नोंदवण्याची, कोड पुसण्याची आणि सेन्सर जुळवण्याची साधनं कोणत्याही गॅरेजला वाजवी किमतीत विकत मिळाली पाहिजेत, आणि माहितीपुस्तिका मराठीत असली पाहिजे.