मुखातून कागदावर

बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये त्रुबादूर नावाचे कवी ऑक्सितान भाषेत प्रेमगीते रचीत. १२०९ मध्ये धर्मयुद्धाने तो मुलूख होरपळला. गीते वाचली, ती पुढच्या लोकांनी उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळे; त्यांतल्या पुष्कळशा इटलीतल्या! गीते सुमारे अडीच हजार. चाली मात्र दहांत एकाच्याच उरल्या.

आपल्या पोवाड्यांची कथा निराळी नाही. अफझलखानवधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा गोंधळ्यांच्या कंठी होता. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅक्वर्थसाहेब आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी असे पोवाडे जमवून १८९१ साली छापले. साहेबाला हे वेड लागले, हे आपले भाग्यच म्हणायचे. शब्द राहिले, पण डफावरची थाप अन् तुणतुण्याची साथ छापील पानावर कोठून यावी?