कंदीलपुष्प : बागेतील लागवड

रुईच्या कुळातील सेरोपेजिया प्रजातीच्या वनस्पतींना मराठीत कंदीलपुष्प म्हणतात. काही जाती खरपुडी, तर सेरोपेजिया हिरसूटा ही हमण या नावाने ओळखली जाते. प्रजातीचे नामकरण लिनियसने १७५३ मध्ये केले. सह्याद्रीत तिच्या अनेक जाती प्रदेशनिष्ठ आहेत. कासच्या सड्यावरची सेरोपेजिया जैनाय बुटकी व ताठ असते. हमण आणि सेरोपेजिया विंकिफोलिया मात्र पावसाळ्यात झुडपांना वळसे घालत वर चढतात. फुलाचा तळ फुगीर, त्यावर अरुंद नळी आणि माथ्यावर पाच पाकळ्यांची टोके जुळून झालेला पिंजरा. वासाने आलेली चिलटे नळीतून आत घसरतात आणि नळीतले खाली वळलेले केस त्यांची परतीची वाट अडवतात. केस सुकल्यावर चिलट सुटते, ते बहुधा परागपुंज अंगाला चिकटवूनच.

ही वेल बागेत जरूर लावावी, पण बियापासून. रानातला कंद खणून कधीही नव्हे. परागीभवन असे आडवळणाचे असल्याने फुले पुष्कळ आली तरी शेंगा मोजक्याच धरतात. पिठूळ कंद माणसे खातात, साळिंदर आणि रानडुकरेही उकरतात. अशा विरळ वस्तीतून एक पोसलेला कंद उचलला की त्याच्यापासून पुढे होणारे सारे बीही गेले. खाणीत किंवा रस्त्याखाली जाणारा कंद उचलायला काय हरकत, असे विचारले जाते. जागा खरोखरच नष्ट होणार असेल, तर उचलणे रास्तच आहे. पण तो कंद मूळ ठिकाणाच्या नोंदीसह वनस्पती उद्यानात गेला पाहिजे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या प्रजातीच्या जतनाचे काम झालेले आहे. खासगी कुंडीत गेलेल्या कंदाची ओळखही हरवते. बी उचलणे म्हणजेही रानाचा तोटाच, हा आक्षेप खरा आहे. म्हणून बी उद्यानातल्या किंवा बागेतल्या वेलीचेच घ्यावे. तसे बी मिळत नसेल तर थांबावे. बागेची हौस रानाच्या जिवावर भागवू नये.

ताजे बी पावसाच्या तोंडावर, पाणी झटकन निथळेल अशा वाळूमिश्रित मातीत उथळ पेरावे. बुंध्याला सावली, शेंड्याला ऊन आणि चढायला बारीक काटकी एवढे वेलीला पुरते. पावसाळा सरल्यावर पाने पिवळी पडून वेल वाळते. ती मेली असे समजून पाणी वाढवले की कंद कुजतो. या वेलीचा घात होतो तो बहुतेक इथेच. पाणी तोडून कुंडी पुढच्या पावसापर्यंत कोरडी ठेवावी. शेंगा पिकून उकलण्याआधी त्यांना मलमलची पिशवी बांधावी, कारण बियांना रेशमी तंतूंचा झुबका असतो आणि वाऱ्याबरोबर त्या उडून जातात.

सड्यावर किंवा कड्यावर जे गवत, दगड, चिलटे आणि पाऊस एकत्र नांदतात, ते कुंडीत उभे करता येत नाहीत. तेव्हा बाग ही अधिवासाची भरपाई नव्हे. शेजारी लावलेल्या दोन जातींचा संकर होण्याचाही संभव असतो. बागेतले बी म्हणूनच रानात उधळू नये. जातीच्या नावाची चिठ्ठी लावून ते दुसऱ्या बागेला द्यावे.